मागच्या पानावरचं

लोक वाचनालयातून पुस्तकं वाचायला नेतात हा एक गोड गैरसमज आहे. निम्मे लोक लिहायला नेतात. कुणी त्यात फोन नंबर लिहितं, कुणी बसच्या वेळा, कुणी समासात बेरजा करून ठेवतं. एका गृहस्थांनी ताऱ्यांवरच्या पुस्तकात स्वतःच्या कपाटाचं माप लिहिलं होतं. महिन्याने ते बघायला परत आले आणि वर आमच्याशीच भांडले, माप गेलं कुठे म्हणून. माप खोडताईने खोडलं होतं. तिचं कामच ते.

पगारपत्रकात ती ‘मदतनीस’. पण येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी खोडताई. परत आलेली पुस्तकं मागच्या खोलीत तिच्यापुढे ढिगाने यायची. हाताखाली पुठ्ठा, एक मऊ रबर, एक कडक रबर, आणि चुरा झटकायला दाढीचा जुना ब्रश. बसायला बिनपाठीचं स्टूल, कारण दोन कपाटांच्या मधे खुर्ची मावत नाही. चौदा वर्षं असं घासून घासून तिचा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, हाताने घासायचं काम बंद करा. ती मला म्हणाली, त्यांना म्हणावं या आणि तुम्ही घासा. आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी नवरा वजनकाट्यावर कामाला, पाळी दर आठवड्याला बदलणार. सासू सात वर्षं अंथरुणाला खिळलेली, जीभ तेवढी ठणठणीत. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, दिवसभर खालून वाफ. ही उठल्यापासून सासूचं सगळं करायची, डबे भरायची, चालत कामावर यायची, चालत घरी जायची, की पुन्हा सासू. मी एकदा विचारलं, अगं, सुट्टीच्या दिवशी काय करतेस? तर एकाच शब्दात उत्तर दिलं, चादरी.

एवढ्या रगाड्यात ही बाई पुस्तकं वाचते कधी, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पडायला हवा होता. चौदा वर्षं मी पुढे काउंटरवर शिक्के मारत बसले आणि मागच्या खोलीत काय चाललंय याचा मला पत्ता नाही.

कारण अख्ख्या वाचनालयात तिच्याइतकं वाचलेलं कुणी नाही असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. सभासद पुस्तक हातात घेऊन थेट तिच्या खिडकीशी जायचे. कसं आहे हो हे? ती मान वर करायची, क्षणभर आठवायची आणि सांगायची. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी असेल तर म्हणायची, पहिली दोनशे पानं नुसते घोडे, माणूस दोनशे एकाव्या पानावर येतो, तोही घोड्यावरूनच. कुणा कारखानदाराचं आत्मचरित्र: यात बायको दोनदा भेटते, लग्नात आणि आजारपणात. स्वयंपाकाचं पुस्तक: जिथे तिथे ‘अंदाजे’ लिहिलंय, अंदाज असता तर पुस्तक कशाला घेतलं असतं? एका कवितासंग्रहाबद्दल म्हणाली, कवी दुःखी आहे हे पहिल्याच पानावर कळतं, पुढची साठ पानं तो आपल्याला दुःखी करतो. आणि मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकाबद्दल इतकं जीव ओतून सांगितलं, की घरात कुंडी ठेवायला जागा नसलेल्या चौघांनी ते ओळीने नेलं. लोक परत येऊन सांगायचे, खोडताई, अगदी बरोबर बोललात. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. मला पुस्तकांचे नंबर पाठ, आत काय आहे ते कधी पाहिलं नाही.

मग माझी निवृत्ती आली. माझी खुर्ची रिकामी होणार होती. पाठ असलेली खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि काम काय तर शिक्का मारायचा. हे तिलाच मिळायला हवं हे मी मनाशी पक्कं केलं. हे घासणं असंच चालू राहिलं तर वर्षभरात हात उचलला जाणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि हात गेला की नोकरी गेली. मी तिच्याकडून अर्ज लिहून घेतला. आणखी एकच अर्ज होता, खजिनदारांच्या ओळखीतल्या एका पदवीधर मुलीचा. मुलाखत समिती घेणार होती, आणि समितीला हवी होती ‘वाचनाची आवड’. मी म्हटलं, मग काय, आपलंच घोडं पुढे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी मागच्या खोलीत गेले आणि तिला म्हटलं, आवडतं पुस्तक कोणतं ते नक्की विचारतील, एखादं ठरवून ठेव. तिने रबर खाली ठेवलं.

“बाई,” ती म्हणाली, “मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही.”

मला आधी वाटलं थट्टा करते आहे. मग तिने सगळं सांगितलं. सभासदांपैकी कुणी एकजण शेवटच्या कोऱ्या पानावर पुस्तकाबद्दलचं आपलं मत लिहून ठेवायचा. पेन्सिलीने. ती ते खोडण्याआधी वाचायची. कोण आहे ते तिला ठाऊक नव्हतं, ढिगातल्या पुस्तकावर काही नाव नसतं. पण अक्षर ती झोपेतही ओळखली असती. अनुस्वाराला टिंब न देता पोकळ गोल काढतो. खाली दोन रेघा मारतो. आणि दाबून लिहितो मेला, इतका दाबून की पानाच्या मागून अक्षर वर येतं. “माझा खांदा त्यानेच खाल्ला,” ती म्हणाली, पण घरातल्या माणसाची तक्रार करावी तसं.

मी भडकले. म्हटलं, चौदा वर्षं लोकांना दुसऱ्याची मतं स्वतःची म्हणून सांगत होतीस? निदान एखादं पुस्तक तरी उघडायचं! ती म्हणाली, उघडलं होतं, दोनदा, घरी नेलं होतं. पहिल्या पानावर सासूने हाक मारली. दुसऱ्या वेळीही पहिल्याच पानावर. मतं छोटी असतात, उभ्या उभ्या वाचून होतात. मग रबर उचलत सहज म्हणावं तसं म्हणाली, “दिवसभरात तेवढंच माझ्याशी कुणी नीट बोलतं, बाई.”

मी राग गिळला आणि सल्ला दिला. म्हटलं, उद्याही तेच सांग. ज्याचं आहे तो काय समितीत बसणार आहे?

दुसऱ्या दिवशी ती खालच्या लाँड्रीतून इस्त्री करून आणलेली साडी नेसून आली. समितीत तिघं. एक खजिनदार, त्यांचं औषधांचं दुकान. दुसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून वर्गातलाच. आणि मधे अध्यक्ष. पूल बांधण्यात आयुष्य घालवलेले इंजिनियर, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटे. आठवड्याला तीन पुस्तकं नेणार, तीन आणणार, आणि ‘ठीक’ याच्यापुढे शब्द नाही. दारातली पाटी त्यांच्याच सहीची: पुस्तकात लिहिणाऱ्याचं सभासदत्व रद्द होईल, कुणाचाही अपवाद केला जाणार नाही. मी कोपऱ्यात इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते. माझ्या कार्यमुक्तीचा कागद सहीसाठी अध्यक्षांच्या कोपराखाली पडला होता.

सुरुवातीचे प्रश्न छान गेले. मग मुख्याध्यापिकांनी आवडत्या पुस्तकाचं विचारलं. खोडताईने दोन बहिणींच्या कादंबरीचं सांगितलं. म्हणाली, दोघी तीनशे पानं एका घरात राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. आधी वाटतं, लेखिकेला संवाद लिहिता येत नाहीत. शेवटी कळतं, बोलायला काही उरलेलंच नव्हतं. पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले.

मुख्याध्यापिका खूश झाल्या. अध्यक्ष मात्र कागदावर काहीतरी टिपत होते ते थांबले. हळू आवाजात त्यांनी विचारलं, “हे मत तुमचं स्वतःचं आहे?”

ती उत्तर द्यायला वळली आणि तिची नजर त्यांच्या कागदावर गेली. मलाही माझ्या जागेवरून दिसलं. तिच्या नावाखाली दोन रेघा. अनुस्वाराचे पोकळ गोल. पेन्सिल इतकी दाबलेली की कागदाला पोक आलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांची शाईतली सही सोडली तर एक अक्षर पाहिलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. बऱ्याच दिवसांनी माहेरचं माणूस दारात दिसावं तसा तिचा चेहरा उजळला होता.

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. ती म्हणाली, नाही. पुस्तक मी वाचलेलं नाही. मागच्या पानावर कुणीतरी लिहितं, ते मी खोडण्याआधी वाचते.

खजिनदार मोठ्याने हसले. मुख्याध्यापिकांचा आवाज चढला. म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी राजरोस पुस्तकं खराब करतंय? “अक्षर ओळखत असाल तुम्ही. नाव सांगा, आजच्या आज काढून टाकू.”

अध्यक्षांनी कागदावर पंजा पालथा ठेवला.

“नाही ओळखत,” ती म्हणाली. “पेन्सिल सगळ्यांची सारखीच दिसते.”

खोलीत आम्ही पाच जण होतो आणि तिघांना माहीत होतं. अध्यक्षांनी तोंड उघडलं नाही. मीही नाही. माझा कागद त्यांच्या कोपराखाली होता आणि मी थकले होते, मला घरी जायचं होतं, हेच माझं कारण. लाज वाटते सांगताना. खजिनदारांनी तोंडी सांगितलं आणि माझ्या हाताने मी वहीत लिहिलं, ‘उमेदवारास वाचनाची आवड दिसून आली नाही.’ अध्यक्षांनी खाली सही केली. मग माझ्या कागदावरही केली. दोन्ही शाईने.

मागच्या खोलीत जाऊन मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. स्वतःवर घ्यायचं ते तिच्यावर घेतलं, दुसरं काय. म्हटलं, त्यांची मान तुझ्या हातात होती. नाव घेतलं असतंस तर तोंड लपवायला जागा उरली नसती त्यांना. नुसतं त्यांच्याकडे बोट दाखवायचं होतंस, खुर्ची आपोआप मिळाली असती. हात जाईल ना गं तुझा!

“नाव घेतलं असतं तर त्यांना काढून टाकलं असतं,” ती म्हणाली. “मग लिहिलं कुणी असतं? आता लिहितील ते. आता तर त्यांना कळलंय, कुणीतरी वाचतं म्हणून.”

त्या दिवशी ती जवळजवळ आनंदात होती. खुर्ची गेली होती, खांद्याला पट्टा होता, आणि ही आपली ढिगाकडे बघून हसते आहे. मला माझे दिवस मोजायचे होते, मी पुढे काउंटरवर जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांची तीन पुस्तकं आली. एक प्रवासवर्णन, एक खुनाची गोष्ट, एक पाण्याच्या नियोजनावरचं. मी ती ढिगात टाकली नाही, हातात घेऊन तिला नेऊन दिली. तिने पदराला हात पुसले आणि तिन्हींची शेवटची पानं उघडली. कोरी होती. त्याच्या पुढच्या आठवड्यातली तिन्हीही कोरी. मग मी निवृत्त झाले.

भीतीने थांबले, की शरमेने, कोण जाणे. कदाचित तिच्या खांद्याची दया आली असेल, आपण तिच्यावर उपकार करतोय असं वाटलं असेल. तसं असेल तर त्यांना गाठून दोन शब्द ऐकवावेत असं फार वाटतं. पण ज्यांच्याकडून गपचूप सही घेतली त्यांना ऐकवायला तोंड कुठलं आणू?

दीड महिन्याने एकदा सहज गेले. माझ्या खुर्चीवर ती पदवीधर मुलगी होती, पोरगी चांगली आहे, तिचा काही दोष नाही. मागच्या खोलीत खोडताईने एका पुस्तकाचं शेवटचं पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं होतं आणि मागच्या बाजूने बोटं फिरवून बघत होती. मला बघितल्यावर तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मी विचारलं, खांदा कसा आहे?

“बरा आहे, बाई,” ती म्हणाली. “काम कमी झालं ना आता.”