माझ्या नावाने बोलणारी बाई

सांगलीत मी बाळंतविडे शिवून विकायची. अंगडी, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, मोहरीची उशी, सगळं एका पेटीत. आमच्याकडे मूल जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी कुणी टाका घालत नाही, अपशकुन मानतात. आणि बाळ झालं की बाराव्या दिवशी बारसं. मधल्या धावपळीत शिवायला बसणार कोण? म्हणून माझा धंदा. त्यात कापडाइतकाच महत्त्वाचा होता फोन. बाळ झाल्याचं मला वेळेत कळलं, तरच पेटी एसटीच्या पार्सलने बारशाला पोहोचणार.

सांगलीतलं गिऱ्हाईक दुकानात यायचं. वडूज-पाटणकडचं यायचं नाही, आणि इतक्या लांब फोन लावायलाही कचरायचं. सातारा त्यांना जवळचा वाटे. तिथं दुकान काढायची माझी ऐपत नव्हती. मग मी ठरवलं, साताऱ्यातल्या घरी फोन असलेली एखादी बाई पगारावर ठेवायची. तिनं घरात बसूनच फोन घ्यायचे आणि संध्याकाळी मला मागण्या कळवायच्या. नव्वदीच्या मधल्या वर्षांत हे ऐकून लोक हसले. नवरा म्हणाला, "दुकान सांगलीत, नोकर साताऱ्यात, आणि तोही घरी चहा पीत. चांगलं आहे."

मी कागदावर अटी लिहिल्या. फोन स्वतःचा हवा. दुपारी घरात असणारी हवी. बोलणं स्वच्छ, गोड. अक्षर वाचता येईल असं. ओळखीतून एक बाई मिळाली, सगळ्या अटींत बसणारी. नवरा सरकारी कचेरीतून निवृत्त, मुलं परगावी, घर लखलखीत. मी तिला प्रश्नांचा कागद दिला: नाव, गाव, जन्म कधी, बारसं कधी, पेटी मोठी की छोटी, पार्सल कुठल्या स्टँडवर. मुलगा की मुलगी हा प्रश्न त्यात नव्हता. कुंची दोघांची सारखीच असते.

तिचा नंबर छापलेली कार्डं मी वडूज, पाटणच्या प्रसूतिगृहांत आणि औषधांच्या दुकानांत ठेवून आले. मागण्या वाढल्या. शिवणाऱ्या बायका वाढवाव्या लागल्या. ज्यांनी हसून घेतलं होतं ते आता कौतुक करू लागले, आणि मी पाटणच्या पुढे कुठे माणूस ठेवता येईल याचा विचार करू लागले.

एके दिवशी दुपारी वडूजहून एक गृहस्थ दुकानात आले. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. फौजेतून निवृत्त झालेला माणूस उभा राहिला की कळतो.

"तुमीच का त्या पेटीच्या बाई?"

"हो. बसा ना."

"बसाय न्हाई आलो. साताऱ्याला तुमचा फोन उचलती ती तुमची कोण?"

"माझंच काम करते. का हो?"

"मंग तुमचंच बोलनं बोलत आसंल." त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. "माझ्या ल्येकीला पोरगी झाली. पयली नात. लय हौसेनं फोन केला, म्हनलं सगळ्यात मोठी पेटी द्या. तर इचारती, काय झालं? म्हनलं, नात. तर म्हनती, अगंबाई, मग छोटीच घ्या, आणि मनाला लावून घेऊ नका. आवं, मी कवा म्हनलं मनाला लागलंय म्हनून?"

मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"ऱ्हावा, संपलं न्हाई. म्हनती, पुढच्या खेपेला दिवस गेले की आधी मला फोन करा. डॉक्टरचा पत्ता देते. तपासून घ्या, म्हणजे ही वेळ यायची नाही." त्यांचा आवाज चिरकला. "ही वेळ! माझ्या नातीला ही वेळ म्हनती! उद्या सांजच्याला बारसं हाय. तुमच्या पेटीतलं चिरगूटसुदिक माझ्या घरात नगं. आन् उद्या जमलेल्या समद्यांना सांगनार हाय, ह्या बाईचा धंदा काय हाय त्ये."

मी स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय कुणाला दोषी धरत नाही. फोन घरी होता, दुकानात नव्हता. शेजारीच एसटीडी बूथ होता. मी त्यांना म्हटलं, "चला माझ्याबरोबर."

बूथमधल्या रिसिव्हरला कुणाच्या तरी तंबाखूचा वास होता, कानाला लागणारी बाजू चिकट. मी साताऱ्याचा नंबर फिरवला. आजोबा माझ्या शेजारी, रिसिव्हरला कान लावून उभे. माझं माहेर कुंडलचं. तिकडची बोली मी सांगलीत घडी करून ठेवली होती, ती काढली.

"आवं ताई, पेटी पायजे हुती. सुनंला पोरगी झालीया."

पलीकडून आधी एक "हं" आला. दुःखाच्या घरी भेटायला गेल्यावर आपण करतो तसा.

"पहिलीच का?"

"न्हाई. दुसरी."

"अरे देवा. दोन्ही मुलीच?"

"व्हय."

"मग आता असं करा हं," ती म्हणाली. तो गोड, समजूतदार आवाज, ज्यासाठी मी तिला निवडलं होतं. कुठल्या चौकात उतरायचं, कुठल्या जिन्याने वर जायचं, तिथल्या बाईला काय म्हणून विचारायचं, सगळं तिनं नीट सांगितलं. मग म्हणाली, "बाळंतविडावाल्यांकडून आलोय म्हणा. ओळख लागते."

बाळंतविडावाले म्हणजे मी. मी फोन ठेवला आणि पदराने कान पुसला. पुसूनही तो चिकट लागत होता. बाहेर येऊन नळाखाली हात धुतले, कान धुतला.

आजोबा बूथच्या पायरीवर टेकले होते. "मगाशी बसलो न्हाई. आता बसतो," म्हणाले.

"उद्या पेटी घेऊन मी स्वतः येते," मी म्हटलं. "आधी साताऱ्याला उतरणार आहे."

"पेटी घ्यायची का न्हाई, ते दारात बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघाले. साताऱ्यात तिच्या घरी उदबत्तीचा वास. फोनवर क्रोशाचं झाकण, शेजारी काचेखाली माझा प्रश्नांचा कागद. तिनं हसून चहा ठेवला. काल फोन करणारी बाई मीच, असं मी सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर लाज शोधली. नव्हती.

"मग त्यात काय चुकलं?" ती म्हणाली. "लोकच रडकुंडीला येऊन बोलतात हो. तेवढाच आधार. आणि मी त्यातला एक पैसा घेत नाही, देवाशपथ."

ते खरं असावं असं मला वाटलं, आणि त्यानेच जास्त किळस आली. पैसे घेतले असते तर तिला लबाड म्हणून मोकळी झाले असते. ही बाई माझ्या नावाने, माझ्या पगारावर, लोकांच्या घरातल्या मुली नाहीशा करायचा रस्ता सांगत होती, आणि त्याला मदत समजत होती. चहावर साय धरली. ती साय बघवेना, मी कप लांब सरकवला.

"तुमच्या पेट्या कमी खपल्या का त्याने?" तिनं विचारलं.

उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. तिनं सवयीने उचलला. "नमस्कार, बाळंतवि—" मी बोटाने खटका दाबून फोन तोडला.

तिचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "फोन माझ्या यजमानांच्या नावावर आहे. असा हात नाही लावायचा."

"आणि नाव माझं आहे."

"मग नाव घेऊन जा तुमचं."

मी काच उचलून माझा कागद काढून घेतला आणि निघाले. जिना उतरत होते तेव्हा फोन पुन्हा वाजला. या वेळी ती नुसतं "हॅलो" म्हणाली. मग तोच "हं". दुःखाच्या घरचा.

वडूजला उतरल्या उतरल्या मी प्रसूतिगृहात आणि औषधांच्या दुकानांत गेले, काळ्या पेनने प्रत्येक कार्डावरचा साताऱ्याचा नंबर खोडला; पाटणची दुसऱ्या दिवसावर ठेवली. जी वाटून झाली होती त्यांचं काय करणार? विकलेला माल परत घेता येतो. कुणाच्या तोंडून गेलेलं बोलणं घेता येत नाही, आणि तोंड तर मीच पगारावर ठेवलेलं.

संध्याकाळी आजोबांच्या दारात पोहोचले. अंगणात बायका जमल्या होत्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं की ती बाई आता माझी नाही, आणि ती फोनवर तपासणीच्या डॉक्टरचा पत्ता देते हे मी माझ्या कानाने ऐकलं. आजोबांनी पेटी उघडली, मोहरीची उशी काढून तळव्यावर दाबून बघितली. मग म्हणाले, "या. आत या."

पाळणा म्हणून झाला, नाव ठेवलं. उशी बाळाच्या डोक्याखाली होती. आजोबा स्वतः घुगऱ्या वाटत फिरत होते. मी भिंतीला टेकले, तर शेजारी बाळाची दुसरी आजी येऊन बसली, बापाची आई. हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ. तिच्या हातात पेटीबरोबर आलेलं माझं कार्ड होतं. ती ते बल्बच्या उजेडात धरून तिरकं करून बघत होती.

"बाई, ह्यो नंबर का वं खोडलाय?"

"आताच सांगितलं ना. तो आता माझा नाही."

"तुमचा नसू दे की." ती माझ्याकडे सरकली, तिच्या तोंडाला घुगऱ्यांचा वास येत होता. "छापलेलं उमटतंय मागनं. ह्यो शेवटला आकडा सात का एक, तेवढंच सांगा. कुनाला कळनार न्हाई."

पाळण्याशेजारी बाळंतीण बसली होती, हातभर अंतरावर. तिनं मान वर केली नाही. पण दुपट्याची कड चाचपणारा तिचा हात थांबला होता.

मी अंगणाकडे वळून मोठ्याने हाक मारली. "आवं आजोबा, जरा हिकडं या. तुमच्या विहीणबाईंना एक पत्ता पायजे."

बायका वळून बघू लागल्या. आजोबा घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आले. "कसला पत्ता?"

"न्हाई बाई, मी कुटं काय म्हनलं?" विहीणबाईंनी मूठ मिटली. कार्डाचा एक कोपरा बोटांतून बाहेर राहिला. तशाच मुठीने त्या उठल्या, पाळण्यावर वाकल्या आणि बाळावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "दिष्ट लागंल गं माझ्या सोन्याला."

आजोबांनी तो कोपरा बघितला. पातेलं खाली ठेवलं. लेकीकडे वळून म्हणाले, "तू हितंच ऱ्हायचं. मी सांगंस्तवर."

लेकीने तेव्हा मान वर केली. "व्हय, आबा," म्हणाली.