दल-सूचा राखाडी स्वेटर

कोरियातल्या मोक्पो बंदराच्या वरच्या चढावर राहणाऱ्या ओक-सुनच्या डोळ्यांत मोतीबिंदू कधीपासून वाढत होता, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. अंधुक वाटलं की ती नवऱ्याला दिवा बदलायला लावायची. विणकाम मात्र थांबलं नाही. सुया हाताच्या सवयीनेच चालायच्या.

शेवटी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर दल-सूने, तिच्या नवऱ्याने, भाताचा वाडगा पुढे ठेवला.

"अहो, हा भात निळसर का दिसतोय?"

"पांढराच आहे. तुझ्या डोळ्याला पांढऱ्याची सवय राहिली नाही."

तिने उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं. तोच भात पिवळट, चहात भिजवल्यासारखा. मग दिवसभर तिला तोच नाद लागला. भिंत, टोपलीतले पांढरे मुळे, टॉवेल, एकदा या डोळ्याने, एकदा त्या. आरशात स्वतःचे केस पाहून मात्र ती हिरमुसली.

"एवढे पिकले आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मी रोजच बघतोय. त्यात काय सांगायचं?"

थंडी वाढली तसा दल-सू कपाटातून स्वेटर काढून घालू लागला. ओक-सुन बघतच राहिली. वांग्याच्या फुलासारखा जांभळा स्वेटर.

"हा कुणाचा?"

"माझाच. तूच विणलास."

"मी राखाडी विणला होता."

तिने उजवा डोळा झाकला. स्वेटर राखाडी झाला. हात काढला, पुन्हा जांभळा.

"इतके हिवाळे हा घालून बंदरावर गेलात? लोक काय म्हणाले असतील."

"म्हणाले ना. सुनेचा उचललास का, असं बंदरावरचा ग्यून विचारायचा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

दल-सू स्वेटरची बटणं लावू लागला. "तू तो माझ्या अंगाला लावून बघितलास आणि म्हणालीस, राखाडीत तुम्ही भारदस्त दिसता. उभ्या जन्मात मला कुणी भारदस्त म्हटलं नव्हतं."

ओक-सुनला आधी हसू आलं, मग रडू. डोळा चोळायचा नव्हता, म्हणून गाल दल-सूनेच पुसले. स्वेटर उसवते म्हणाली, तर तो द्यायला तयार होईना.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झाल्यावर तिने दुकानाच्या दारात, उजेडात धरून लोकर निवडली आणि खराखुरा राखाडी स्वेटर विणला. दल-सू तो लग्नाकार्याला घालतो. बंदरावर जाताना जांभळाच. त्याच्या विरलेल्या बाह्या तिने नव्या लोकरीने विणून दिल्या. रंग थोडा गडद आला, तरी तिने चालवून घेतला.

एकदा वाटेत ग्यूनने तिला गाठलं. "वहिनी, आता तरी दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय की, भावजी," ओक-सुन म्हणाली. "हे चांगलेच भारदस्त दिसतात."