डाव्या हाताचं बोट

सिस्टर,

तुझ्यावर लिहू का, असं विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "वन्सं, तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?" म्हणून विचारलंच नाही. तुला घरीदारी सगळे सिस्टरच म्हणतात, तुझा नवरासुद्धा. माझाच धाकटा भाऊ तो, पण यात हसण्यासारखं काही आहे हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. असो. यापुढे तू 'सिस्टर' आणि मी 'नणंद'. गळे काढणार नाही, एवढं कबूल.

तर सिस्टरची नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात. मुठीएवढ्या बाळाची शीर डोळ्यांना दिसत नाही, ती बोटाला लागावी लागते. सिस्टर डाव्या हाताच्या तर्जनीने चाचपायची. शिरेची लवचीक उसळी लागली की मग उजव्या हाताचं काम, सुई घालण्याचं. इतरांनी हात टेकले की हाक तिलाच. हाताखालच्या पोरींना ती बजावायची, "पेशंट ओरडणारच. आपण डगमगायचं नाही."

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन तिने आपल्याच हॉस्पिटलात करून घेतलं. सलाइन लावायला आली तिनेच तयार केलेली एक पोरगी. "उजवा कामाचा ना सिस्टर? मग डावा द्या."

कोपराच्या खोबणीत सुई शिरली आणि विजेचा झटका बसावा तशी कळ बोटांच्या टोकांपर्यंत गेली. अशी कळ आली की सुई तिथल्या तिथे काढायची, हे सिस्टरला झोपेतही सांगता आलं असतं. पण पोरगी आधीच धास्तावलेली होती आणि दारात बाकीच्या जणी कौतुकाने उभ्या होत्या. सिस्टर ओठ आवळून पडून राहिली. वर म्हणाली, "छान लावलंस."

पोरीने खूश होऊन सुई आणखी आत सरकवली.

खडे गेले, आणि बोटही गेलं. तर्जनी बधिर, मधल्या बोटाची नुसती आग. डॉक्टर म्हणाले, "शिरेजवळची नर्व्ह दुखावली आहे. सावकाश भरून येईल. कितपत, ते आत्ताच सांगता येणार नाही." भेटायला येणारे म्हणत, "डावाच ना? नशीब!" अशांना नणंदेने बिनचहाचं वाटेला लावलं.

रजा संपत आली तशी सिस्टर घरभर बोट घासत फिरू लागली. टॉवेलवर, किसणीवर, नवऱ्याच्या दाढीवर. तो बिचारा पेपर वाचता वाचता गाल पुढे करायचा.

एकदा ओट्याशीच तिने डोळे मिटले. "वन्सं, हात द्या."

नणंदेच्या हातावरच्या शिरा म्हणजे दोऱ्या. आंधळ्यालाही सापडाव्यात. सिस्टरचं बोट हातभर फिरलं, थांबलं. "ही बघा!"

सिस्टरने डोळे उघडले. बोट शिरेपासून चांगलंच लांब, नुसत्या मांसावर टेकलं होतं.

"माझं जाऊ दे," सिस्टर खुर्चीत बसत म्हणाली. "त्या पोरीला सांगायला हवं. डगमगायचं नाही, हे मीच तिच्या डोक्यात भरवलंय. बाळाला थोडंच सांगता येतं, नुसतं टोचलं की झटका बसला? ते किंचाळेल आणि ही सुई पुढे रेटेल."

"मग कर फोन."

"फोनवर नको, समोर बसून सांगायचंय. तुम्ही चला बरोबर. मला शब्द फुटले नाहीत तर तुम्ही बोला. तुम्हाला काय, कुणालाही काहीही तोंडावर सांगता येतं!"

"गुण म्हणून सांगतेस की खोड म्हणून?"

"आत्ता गुणच म्हणते."

दुसऱ्या दिवशी नणंद पर्स घेऊन, चपला घालून दारात उभी राहिली. सिस्टर आतून आली ती डाव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळतच.

"वन्सं, आज नको. आज जरा जाग आल्यासारखी वाटतेय. बोट परत आलं की जाऊ. तेवढंच पोरीच्या मनाला कमी लागेल."

"आणि तोवर?"

डोळे मिटून सिस्टर आपल्याच उजव्या मनगटावर बोट फिरवत राहिली. नणंदेने चपला काढल्या. ते जाणं तेव्हा राहिलं ते राहिलंच.