टाळीवर पेटणारी समई

नेसरीजवळच्या शाळेतले आमचे कांबळे गुरुजी नसते, तर त्या रविवारी मी सतरंजीने झाकलेल्या टेबलाखाली हातात बटण धरून बसलो नसतो. शाळेत वीज नव्हती. गुरुजींनी टॉर्चचे सेल आणून आम्हाला बल्ब पेटवायला शिकवलं. पुढे इंजिनिअरिंगला मला त्यांनीच पाठवलं. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. टेबलाखाली जायला एवढं शिक्षण लागतं, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरच्या एका कारखान्यात मी टेस्टिंग इंजिनिअर होतो. दुसऱ्यांनी बनवलेले विजेचे पॅनेल तपासायचे आणि सही करायची. स्वतःच्या हाताने काही बनवायला मिळायचं ते फक्त रविवारी, इलेक्ट्रॉनिक्स छंद मंडळात. बसाण्णांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, त्यावरच्या माळ्यावर आम्ही जमायचो. मंडळाकडे सोल्डरिंग आयर्न एक होतं आणि पदाधिकारी नऊ. अध्यक्ष आप्पासाहेब वीज खात्यातून रिटायर झालेले. मीटिंग सुरू झाली की आधी कोणाचा तरी सत्कार. नारळ, शाल, दोन शब्द. उरलेल्या वेळात सर्किट.

एक दिवस बसाण्णा म्हणाले, "इंजिनियर, माळा आता मला गोडाऊनला लागणार. तुमचं बघा कुठंतरी."

जागा गेली की मंडळ गेलं, आणि मंडळ गेलं की मी पुन्हा सातही दिवस सह्या करणार. माझी झोप उडाली. आप्पासाहेबांची उडाली नाही.

"भाऊसाहेबांच्या ताब्यात वाचनालयावरची खोली आहे," ते म्हणाले. "त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवू. मिलिंद, तू चमत्कार वाटेल असं काहीतरी बनव. पुढारी खूश, खोली आपली."

मी टाळीवर पेटणारी समई बनवली. वातींच्या जागी छोटे बल्ब. आत माईक. माईकने आवाज ऐकला की सर्किट तो मोठा करतं आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, दाबलं जातं. एका टाळीला चालू, पुढच्या टाळीला बंद. माळ्यावर आम्ही ती पुन्हा पुन्हा तपासली. सगळे श्वास रोखून बसायचे, आप्पासाहेब एक टाळी वाजवायचे, समई पेटायची. एकदाही चुकली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी समई हॉलमध्ये, सतरंजी टाकलेल्या टेबलावर मांडली होती. भाऊसाहेबांची जीप गल्लीच्या तोंडाशी आली आणि हलगी सुरू झाली. समई पेटली. विझली. पेटली. कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, तेव्हा तर ती नाचायलाच लागली. पाहुण्याला वाजतगाजत आणायचं हे आप्पासाहेबांनीच ठरवलं होतं. टाळीची समई बनवायची हेही त्यांनीच. दोन्ही एकाच हॉलमध्ये होणार, हे नऊ पदाधिकाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दहावा मी, माझ्याही नाही.

आप्पासाहेबांनी माईक घेतला. "सर्वांना नम्र विनंती. कृपया टाळ्या वाजवू नयेत."

भाऊसाहेब नेमके तेव्हाच दारातून आत येत होते. त्यांचा चेहरा पडला.

बसाण्णांनी मला कोपऱ्यात ओढलं. "आवं, पुढारी आल्यावर टाळी न्हाय वाजवायची, तर लोकं काय हात खिशात घालून बसत्यात व्हय? खोली तर जाईलच, वर मार बी खाशीला."

"मग काय करू?"

"समईतल्या माईकची वायर तोडा. बटण लावा. आणि शिरा टेबलाखाली."

आमच्या धंद्यात याला मॅन्युअल मोड म्हणतात. मी शिरलो.

भाऊसाहेबांनी टाळी वाजवली, मी बटण दाबलं, समई पेटली. हॉल दणाणला. समई स्थिर. भाऊसाहेब इतके खूश झाले, की त्यांनी पुन्हा टाळी वाजवली. मी विझवली. पुन्हा वाजवली. मी पेटवली. मग ते पटापट वाजवायला लागले, आणि सतरंजीच्या भोकातून बघता बघता माझी एक टाळी हुकली.

"जरा दमतंय," भाऊसाहेब म्हणाले. "पर माणसागत समजतंय की वो सगळं!"

नंतर त्यांचं भाषण झालं. या मातीतल्या बुद्धिमत्तेवर ते बरंच बोलले. ती बुद्धिमत्ता त्यांच्या गुडघ्यापाशी पायाला मुंग्या येऊन बसली होती. त्यांनी खोली जाहीर केली. मग नऊ पदाधिकाऱ्यांना शाली मिळाल्या आणि शेवटी माझं नाव पुकारलं गेलं.

"कुठं हायत इंजिनियर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"लाजाळू हाय पोरगं," बसाण्णा म्हणाले. "आलंच न्हाय." आणि माझी शाल त्यांनी घेतली.

महिन्याभराने मी गुरुजींना पत्र लिहिलं.

आदरणीय गुरुजींस, सविनय जयभीम.

मी बनवलेल्या वस्तूचं जाहीर कौतुक झालं. मी अगदी जवळून ऐकलं. त्यातून एक शिकलो. जे यंत्र गोंगाटात चालवायचं, ते शांततेत तपासू नये.

आम्हाला वाचनालयावरची खोली मिळाली आहे. किल्ली घेताना कळलं, की तिथे विजेचं कनेक्शन नाही. आप्पासाहेबांनी आयुष्यभर लोकांना कनेक्शनं दिली, आता स्वतःचा अर्ज घेऊन ते त्याच खात्यात बाकावर बसतात. पंखा नसल्यामुळे पदाधिकारी येत नाहीत. त्यामुळे सत्कार बंद आहेत.

मी दर रविवारी टॉर्चचे सेल घेऊन जातो. चार-पाच जण येतात आणि तुम्ही शिकवलंत तिथूनच सुरुवात करतात. मागच्या आठवड्यात दोघांचे रेडिओ बोलले. अर्ज लवकर मंजूर होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

आपला विद्यार्थी,
मिलिंद