नाही आणि ठाऊक नाही

लातूर नवा जिल्हा झाल्यानंतरच्या एका दुष्काळात आमची लेक गेली. चाकूरजवळच्या आमच्या गावात विहिरीच्या तळचं गढूळ पाणी लोक फडक्यानं गाळून पीत होते. तिला जुलाब-वांत्या सुरू झाल्या आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच ती माझ्या मांडीवर थंड पडली. तिला मातीआड करून आलो आणि गळ्यातलं लिंग काढून देवळीत ठेवलं. पिढ्यान्‌पिढ्या शिवपूजा चालत आलेलं आमचं घर; पण बायकोला मी स्पष्ट सांगितलं, देव नाही.

थोड्याच दिवसांत तिलाही तेच दुखणं लागलं. एसटी आली नाही. शेजारी आणि मी तिला बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलं. शेजारी पुढच्या गावात जीप मिळते का बघायला गेला. भर ऊन होतं. तिचे डोळे खोल गेले होते. महादेवाचं नाव घ्या, म्हणाली. ऐकायला तिथं कुणीच नाही, असं मी बोलून गेलो.

ती कशीबशी म्हणाली, "न्हाई म्हणायला तुमी कुठं जाऊन बघून आलाव? ठावं न्हाई म्हणा. मला बी ठावं न्हाई, तरी हाक मारतेच की."

नाव माझ्या तोंडी आलं नाही. मनात एवढंच म्हणालो: असलास तर बघ, माझ्या हातात आता काही राहिलं नाही.

बऱ्याच वेळानं पाण्याचा टँकर येऊन थांबला. ड्रायव्हर हदगावकडचा, या भागात नवखा. शिरूर अनंतपाळला निघालेला तो फाट्यावर चुकला होता. रस्ता विचारायला उतरला आणि बाजेकडे बघून म्हणाला, "ताईला वर घ्या." भरला टँकर त्यानं लातूरकडे वळवला. तिकडं लोक घागरी घेऊन बसले असतील, एवढंच वाटेत बोलला. दवाखान्यात तिला उतरवलं आणि मी हात जोडायच्या आत निघूनही गेला.

ती वाचली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, महादेवानंच त्याला चुकवला. मी विचारलं, मग लेकीच्या वेळी कुणी का चुकलं नाही? ती भिंतीकडे तोंड करून रडली. मीही रडलो.

देव आहे, असं मला आजही छातीठोक सांगता येत नाही. नाही, असंही आता म्हणत नाही. रोज संध्याकाळी तिच्याशेजारी डोळे मिटून बसतो. ती जगली म्हणून आभार मानतो आणि लेक का नेली, म्हणून विचारतो. दोन्ही एकाच्याच पायाशी ठेवतो.