वस्तादांच्या मापाचे बाण

इंग्रजी तिसरीतून माझी शाळा सुटली. तथापि कोर्टाबाहेर बसून लिहिलेले माझ्या हातचे अर्ज वाचून मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी आपले निर्णय फिरविले आहेत, हे मी येथे नम्रपणे नमूद करतो. आज मात्र कागदाविषयी लिहावयाचे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत, लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत बसून मी एक करवत तयार केली होती. तिची आठवण अलीकडे वारंवार येते.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, गिरणीत साचेवाला होता. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा राहणारा हा माणूस संध्याकाळी परळच्या व्यायामशाळेत धनुष्य हाती घेई, आणि त्याचा चेहराच पालटे. दर दसऱ्याला मैदानावर व्यायामशाळेची प्रात्यक्षिके होत. लाठी, लेझीम, मल्लखांब, आणि शेवटी पाच जणांची तिरंदाजी. त्या पाचांत दादा पहिला.

बाण आम्ही बारीक बांबूचेच करीत असू. परंतु ते कोयत्याने तोडलेले. कोयत्याच्या घावाने बांबू चिरतो, आणि दोरीवर चढविल्यावर ती चीर वाढते. त्या वर्षी सरावात एक बाण सुटता सुटता फुटला व त्याची चिरफळी दादाच्या मनगटात घुसली. व्यायामशाळेच्या वस्तादांनी त्याच क्षणी सांगून टाकले, "धड बाण असले तर तिरंदाजी होईल. नाहीतर यंदा लाठी-लेझमीवर भागवू."

दादा घरी येऊन जेवला नाही. तेव्हा हे काम मी अंगावर घेतले.

"तू?" दादा म्हणाला. "तुला पेन्सिल तासता येते, एवढंच मला माहीत आहे."

दिवसभर मी 'मुंबईसह' मागणीच्या अर्जांवर लोकांचे अंगठे घेत असे. दुपारी पाऊण तास मोकळा मिळे. भंगारवाल्याकडून लोखंड कापण्याच्या करवतीचे एक मोडके पाते मिळाले. बांबूची जाड कामटी वाकवून तिच्या दोन टोकांना ते पाते तारेने ताणून बांधले. रे रोडच्या वखारीतून सागाची एक फळी आणली, तिच्यावर दोन पट्ट्या समांतर ठोकून बांबू बसेल अशी पन्हळ केली, आणि पट्ट्यांना आडवी खाच पाडली, जेणेकरून पाते इकडेतिकडे सरकू नये. पन्हळीच्या टोकाला एक खिळा. बांबू खिळ्याला टेकवायचा आणि खाचेत कापायचा, की प्रत्येक नग सारखा. सगळा खर्च जवळजवळ शून्य.

पहिल्या दोन बांबूंच्या कडेला तरीही कुसळे निघाली. मग मला सुचले. खराब झालेल्या अर्जांच्या समासाच्या पट्ट्या कापून, डिंकाने बांबूवर नेमक्या कापण्याच्या जागी चिकटविल्या. आणि एकाच बाजूने न कापता बांबू थोडा थोडा फिरवीत कापला. टोक असे गुळगुळीत आले, की मी ते गालावरून फिरवून पाहिले.

वहिनी मालवणकडची. ती दारातून पाहत होती. "भावजी, कोयत्यान एक घाव घातलात तर जेवाक तरी वेळेवर येशात," ती म्हणाली. परंतु दुसऱ्या दिवशी शेजारणींना बोलावून तिनेच करवत दाखविली.

नमुना म्हणून मी वस्तादांचा स्वतःचा जुना बाण मागून आणला होता. मूळ प्रत एक, आणि बाकीच्या तिच्याबरहुकूम, ही माझ्या धंद्याची रीत. खिळा त्या मापाने ठोकला आणि होता नव्हता तेवढा बांबू कापून तीस बाण सिद्ध केले.

अष्टमीच्या संध्याकाळी सराव झाला. चौघांनी मारले, बाण सरळ गेले. दादाने धनुष्य उचलले, दोरी कानापर्यंत ओढली, आणि बाणाचे टोक धनुष्याच्या आत येऊन त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी टोचले.

"थांब!" वस्ताद ओरडले. दादाने दोरी सैल सोडली. अंगठ्यातून रक्त येत होते.

"कोणाच्या मापानं कापलेस रे?" दादाने मला विचारले.

"वस्तादांच्या."

वस्ताद कसलेले, पण बुटके. बाकीचे चौघे जवळपास त्यांच्याच उंचीचे. दादा त्या सर्वांहून हातभर उंच, त्यामुळे त्याची ओढही लांब.

वस्ताद हळूच म्हणाले, "चौघांचं जमलं. तू यंदा बस. उगाच हात जायचा."

घरी जाताना दादा माझ्या दहा पावले पुढे चालत होता. मला त्याने शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

नवमीला सकाळीच वखारीच्या रखवालदाराची मनधरणी करून मी बांबू आणले. येऊन पाहतो तो वहिनीने करवत खंडेनवमीच्या पूजेत मांडलेली. दादाच्या कात्रीशेजारी, माझ्या टाकाशेजारी; कुंकू लावलेली, झेंडूचे फूल वाहिलेली. मी हात पुढे केला.

"पूजेतलं हत्यार उचलायचं नाही," दादा म्हणाला.

"अडचणीच्या प्रसंगी अपवाद असतो, दादा."

"तुझ्या कोर्टात असेल."

तो अख्खा दिवस मी त्या करवतीकडे पाहत काढला.

दसऱ्याच्या सकाळी वहिनीने अक्षता टाकून पूजा हलविली आणि कुंकवासकट करवत माझ्या हाती ठेवली. मी दादाला म्हणालो, "धनुष्य घे. ओढ." न कापलेला बांबू लावून त्याने दोरी कानापर्यंत ओढली. धनुष्याच्या पुढे दोन बोटे सोडून मी पेन्सिलीने खूण केली. खिळा उपटून नवीन जागी ठोकला. दादाने फळी धरली, मी कापत गेलो. पट्ट्या चिकटविण्याचे काम वहिनीने केले. पात्यावरचे कुंकू बांबूच्या भुशात मिसळून गॅलरीभर झाले. चुलीवरची पुरी करपली, ते कोणालाच कळले नाही.

दुपारी वस्तादांनी एक बाण हातात घेऊन वाकविला, टोकावरून अंगठा फिरविला, आणि दादाला पहिल्या जागी उभे केले.

मैदान भरले होते. दादाने पाच बाण मारले. चौथा चुकून गवताच्या पेंढीवरून पलीकडे गेला. बाकीचे चार मधोमध बसले. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा सुरू झाल्या, त्यांत टाळ्या ऐकू आल्या नाहीत.

दादा पेंढीपाशी गेला, चार उपटले, पलीकडे गेलेला शोधून आणला, आणि पाचही माझ्या हातात दिले.

"हे वेगळे ठेव," तो म्हणाला. "त्या चौघांच्या बाणांत मिसळू नकोस. हे माझे आहेत."