पाच निळ्या साड्या

चार शिक्षिका एकत्र बसल्या की साड्यांचा विषय निघतोच, आणि निघाला की किस्से संपत नाहीत. माझ्याकडे तर एकाच साडीचे इतके साठलेत, की मैत्रिणी म्हणतात, "तू बोलायला लागलीस की आमच्या पैठण्या फिक्या पडतात!"

गोष्ट नव्वद सालानंतरची. तळेघरच्या बाजूला, डोंगरातल्या एका शाळेत मी शिकवत होते. राहायला घोडेगावात. सकाळी वर जाणारी एसटी एकच, ती चुकली की दिवस गेला. आणि मी रोज कपाटासमोर उभी! ही काल नेसले, ती परवा हळदीकुंकवाला झाली, तिसरीचा ब्लाउज उसवलाय. एकदा डोळ्यांदेखत एसटी निघून गेली, तेव्हा ठरवलं, शाळेला आता एकच साडी. म्हणजे एकसारख्या पाच.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीचं, म्हणून कापडखरेदी जुन्नरलाच. रहीमभाईंच्या दुकानात निळी, बारीक पांढऱ्या काठाची साडी पसंत केली. म्हटलं, "अशाच पाच द्या."

रहीमभाई खूश! "पाच जावा हायेत व्हय तुमी, ताई?"

"नाही, पाचही मलाच."

त्यांनी उलगडलेल्या साडीची पुन्हा घडी घालायला घेतली. "घरी इचारून आलाय ना?"

पहिल्या रविवारी पाचही धुवून वाळत घातल्या. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दवाखाना काढला का गं? आमाला सांगितलं बी न्हाई!"

दवाखान्याचं हे प्रकरण एसटीतही पोचलं. शेजारी बसलेल्या आजोबांनी धोतर सारून गुडघा पुढे केला. "नर्सबाई, लई ठणकतोय. गोळी द्या की."

"आजोबा, मी शाळेत शिकवते."

"आसू द्या. शाळंत गोळ्या न्हाई ठेवत व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून मी पर्समध्ये मलम ठेवायला लागले. काय करणार!

आमच्या हेडमास्तरांची तक्रार निराळी. एकदा ते वैतागून म्हणाले, "बाई, पूर्वी तुमची साडी बदलली की कळायचं, वार बदलला. आता रोज तोच वार चाललाय. परवा मी रविवारी शाळा उघडायला आलो!"

थट्टा झाली, पण मला फार हलकं वाटायला लागलं होतं. सकाळी डोकं रिकामं असायचं, एसटीत बसून आज काय शिकवायचं याचा विचार व्हायचा. मुलांना गणवेश, मलाही गणवेश. आपण त्यांच्यातल्याच एक झालो, असं वाटून मनातून बरं वाटायचं.

सातवीत हिरा नावाची मुलगी होती. डोंगरातल्या वाडीवरून चालत यायची. गणितात हुशार. पण पाऊस लागला की ही गायब! आमच्याकडे पाऊस लागला की आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. एकदा तिचे वडील शाळेत आले आणि सरळ म्हणाले, "बाई, पोरगी घरीच बसती, तर नाव काढून टाका. भातलावणीला तरी येईल."

मी त्यांना कसंबसं थांबवलं. "चार दिवस द्या मला," म्हटलं. पोरगी हातची जाणार, या भीतीने त्या दिवशी जेवणही गेलं नाही.

मग जरा उघडीप झाली आणि हिरा आली. मी तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "अगं, असं केलंस तर बाबा शाळा सोडवतील तुझी. सोडायचीय का?"

ती जोरजोरात मान हलवायला लागली. "न्हाई, बाई."

"मग येत का नाहीस?"

"डरेस एकच हाय, बाई. चुलीवर धरला तरी वाळत न्हाई. वल्ला घातला तर हुडहुडी भरती, आन दुसरं काय घातलं तर पीटीचं सर वर्गाबाहेर काढत्यात."

हिराने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या पदराचं टोक दोन बोटांत धरून चाचपलं आणि जवळ सरकून हळूच विचारलं,

"बाई, तुमची बी एकच हाय. तुमी ती रातीतून कशी वाळवता? मला बी शिकवा ना. मंग मी रोज येईन."